नारळ न फोडलेला उमेदवार

निवडणूक जाहीर झाली की आमच्या शाळेचे रूप पालटते. बाके व्हरांड्यात रचली जातात, फळ्यावरील गणित पुसून तेथे मतदान केंद्राचा क्रमांक लिहिला जातो, आणि ज्या खोलीत सहावीची मुले कविता म्हणतात त्या खोलीच्या कोपऱ्यात पुठ्ठ्याचा आडोसा उभा राहतो. इतक्या वर्षांच्या नोकरीत त्या आडोशापासून चार हातांवर बसून आम्ही किती बोटांवर शाई लागताना पाहिली, याचा हिशेब आता उरलेला नाही. त्या आडोशामागे मतदार एकटा असतो. तेथे त्यास कोणी काही विचारीत नाही. उमेदवारास मात्र त्याआधी गाव पुष्कळ काही विचारते. अशाच एका प्रश्नाविषयी आज लिहावयाचे आहे. त्याचे उत्तर आम्हांस ठाऊक होते आणि आम्ही ते दिले नाही, म्हणून हा लेखनप्रपंच.

आमचा आदिलाबाद जिल्हा तेलंगणात असला, तरी पैनगंगा दोन्ही तीरांवर मराठीच ऐकते. १९५६ साली भाषावार राज्यरचना झाली, तेव्हा किनवट आणि राजुरा हे तालुके जिल्ह्यातून निघून पलीकडे गेले. आम्ही अलीकडे राहिलो. बेला, जैनद, तामसी या बाजूस आजही घरात मराठी, कचेरीत तेलुगू, डोंगराकडे गोंडी आणि बाजारात सर्वांची सरमिसळ अशी भाषांची वाटणी आहे. परराज्यात राहणाऱ्या आपल्या अनेक मराठी कुटुंबांप्रमाणे येथेही मारुतीचे देऊळ, हरिपाठ आणि वर्षाचा सप्ताह यांनीच गावाला गाव म्हणून बांधून ठेविले आहे. आम्ही स्वतः माळकरी घराण्यातले. आमच्या देव्हाऱ्यातील विठ्ठलमूर्ती आजोबांनी पंढरपुराहून आणलेली असून तिची पूजा आजवर एक दिवसही चुकलेली नाही. हे प्रारंभीच सांगितलेले बरे. नाहीतर पुढील मजकूर वाचून वाचकांचा आमच्याविषयी भलताच समज व्हावयाचा.

जानेवारी २०१९ मध्ये तेलंगणातील ग्रामपंचायतींच्या निवडणुका २१, २५ आणि ३० या तारखांस तीन टप्प्यांत झाल्या. कापसाची वेचणी चालू होती. नदीकाठच्या एका गावी आमचा एक जुना विद्यार्थी सरपंचपदासाठी उभा राहिला. त्याचे व गावाचे नाव येथे देत नाही. मुलगा विज्ञानाचा पदवीधर होता. तेलुगू उत्तम येत असल्याने गावातील म्हाताऱ्या माणसांचे निवृत्तिवेतनाचे अर्ज तोच भरून देई. जिनिंगवर शेतकऱ्यांच्या बरोबर काट्याशी उभा राहून तो वजन पाही आणि पट्टीतील आकडे पुन्हा मोजून देई. रात्री-अपरात्री कोणास जिल्ह्याच्या रुग्णालयात न्यावयाचे झाले, तर पहिली हाक त्यालाच जाई. असा मुलगा निवडून येणार याविषयी आम्हांस शंका नव्हती.

आमच्याकडे प्रचाराचा प्रारंभ मारुतीच्या देवळापासून होतो. उमेदवार देवापुढे नारळ फोडतो, कपाळी गुलाल लावतो आणि मग घरोघर जातो. हा मुलगा देवळाच्या पायऱ्यांपर्यंत आला, चपला काढून जमलेल्या वडीलधाऱ्यांच्या पाया पडला आणि तेथूनच परतला. कोणी नारळ पुढे केला, तेव्हा तो म्हणाला, “काका, माझा यावर विश्वास नाही. मी फोडला तर तो तुमच्या मतासाठी फोडलेला होईल, देवासाठी नाही. तो खोटेपणा मला नको.” बोलण्यात उद्धटपणा नव्हता, अभिनिवेशही नव्हता. परंतु सायंकाळपर्यंत सबंध गावात एकच वाक्य फिरत होते : हा देव मानीत नाही.

त्या दिवसांत गावात सप्ताह चालू होता. एका संध्याकाळी हरिपाठ आटोपल्यावर पारावर सात-आठ वृद्ध मंडळी बसली होती. आम्हांसही त्यांनी आग्रहाने बसवून घेतले. त्यांतील वयाने सर्वांत मोठे असलेले गृहस्थ म्हणाले, “गुरुजी, पोट्टा तुमच्या हाताखाली शिकला. देव मानत नाही म्हणतात, ते खरं आहे काय? ते जाऊ द्या. माणूस कसा आहे, तेवढं सांगा.”

प्रश्न सरळ होता. कोणास मत द्यावे, असे त्यांनी विचारले नव्हते. परंतु आम्ही घसा साफ करून म्हणालो, “हे पाहा, आम्ही सरकारी नोकर. निवडणुकीच्या दिवसांत उमेदवाराविषयी बोलणे आम्हांस वर्ज्य आहे.” म्हाताऱ्याने मान डोलावली आणि विषय पालटला. नियम खरा होता. त्याच्याआड आम्ही लपलो, हेही तितकेच खरे होते. सप्ताहात आमच्या गळ्यात वीणा देणारी ही माणसे. एका नास्तिकाची बाजू घेतली तर त्यांस काय वाटेल, ही भीती त्या नियमाच्या आडून बोलत होती.

मतदानाच्या दिवशी आमची नेमणूक दुसऱ्या मंडलात होती. सकाळी सातपासून दुपारी एकपर्यंत मतदान आणि दोन वाजता तेथेच मोजणी, असा पंचायत निवडणुकीचा क्रम असतो. संध्याकाळी आम्ही मतपत्रिकांच्या पाकिटांवर लाख लावीत असता निकाल कानी आला. मुलगा विसाच्या आतील मतांनी पडला होता. त्या पारावर आठ माणसे बसली होती आणि प्रत्येकाच्या घरात चार-पाच मते होती. गणित आम्ही मनातच केले. दिव्याच्या ज्योतीवर धरलेली लाख बोटावर सांडली, तरी काही वेळ ध्यानात आले नाही.

त्याच आठवड्यात आमच्या भाच्यांचा अमेरिकेहून दूरध्वनी आला. बरीच वर्षे ते तेथे नोकरीनिमित्त स्थायिक आहेत. आम्ही ही हकीकत सांगितली, तेव्हा ते हसून म्हणाले, “मामा, इथंही वेगळं काय आहे? इथं नारळ नाही, एवढंच.” त्या वाक्याने आमचे कुतूहल जागे झाले आणि सवडीने आम्ही या विषयावर वाचू लागलो.

जे वाचनात आले ते मनोरंजक आहे. १७८७ साली सिद्ध झालेल्या अमेरिकन राज्यघटनेच्या सहाव्या कलमात स्पष्ट म्हटले आहे की कोणत्याही सार्वजनिक पदासाठी धर्माची कसोटी लावली जाणार नाही. कायद्याने दार असे सताड उघडे ठेविले. परंतु लोकांनी उंबऱ्यावर पहारा बसविला. १८०० च्या निवडणुकीत जेफर्सन यांच्यावर ते धर्मबुडवे असल्याचा आरोप करण्यात आला, तरीही ते अध्यक्ष झाले. १९२८ मध्ये आल स्मिथ हे कॅथलिक गृहस्थ पराभूत झाले; त्या पराभवास इतर कारणेही होती, परंतु त्यांचा पंथ हे एक मोठे कारण होते. १९६० च्या सप्टेंबरात केनेडी यांना ह्यूस्टन येथे धर्मोपदेशकांच्या सभेपुढे उभे राहून सांगावे लागले की आपला पंथ आणि आपले राज्यकर्तव्य ही दोन वेगळी आहेत. मेरीलँड राज्यात तर ईश्वराचे अस्तित्व मान्य असल्याचे जाहीर केल्यावाचून साधे नोटरीचे पदही मिळत नसे. टॉर्कासो नावाच्या गृहस्थांनी त्याविरुद्ध दाद मागितली आणि १९६१ मध्ये तेथील सर्वोच्च न्यायालयाने ती अट रद्द ठरविली.

गॅलप या संस्थेने १९५८ साली अमेरिकन मतदारांस विचारले होते, की तुमच्या पक्षाने सुयोग्य पण नास्तिक उमेदवार अध्यक्षपदासाठी दिला तर त्यास मत द्याल काय. शंभरातील अवघे १८ जण होय म्हणाले. २०२० मध्ये हाच प्रश्न विचारला असता ६० जण होय म्हणाले. म्हणजे दोन पिढ्यांत मन बरेच बदलले. परंतु कॅथलिक उमेदवारास होय म्हणणारे त्याच वेळी ९५ होते, हेही ध्यानात ठेवावयास हवे. कॅलिफोर्नियातील पीट स्टार्क या प्रतिनिधींनी २००७ मध्ये आपण ईश्वर मानीत नसल्याचे उघड सांगितले, तेव्हा ते १९७३ पासून प्रतिनिधिगृहात होते. त्यानंतर २००८ आणि २०१० मध्येही ते निवडून आले. चौतीस वर्षांचे काम पाठीशी असल्यावर हे उच्चारणे त्यांस शक्य झाले, ही गोष्ट आम्हांस विशेष बोलकी वाटली. आमच्या विद्यार्थ्याच्या पाठीशी तीनच वर्षे होती.

वाचता वाचता भाच्यांचे म्हणणे अर्धेच खरे आहे, असे आमच्या ध्यानात येऊ लागले. अमेरिकेत उमेदवाराला त्याची श्रद्धा विचारतात. आपल्याकडे त्याची हजेरी घेतात. तू मनातून काय मानतोस, याची आपल्या समाजाने फारशी चौकशी कधी केलेली नाही. आपल्या दर्शनांच्या परंपरेत तर निरीश्वरवादी सांख्यांसही मानाचे स्थान आहे. परंतु नारळ फोडताना तू होतास काय, सप्ताहाच्या पंगतीला बसलास काय, पालखीला खांदा दिलास काय, हे मात्र पाहिले जाते. आम्ही शिक्षक असल्याने हजेरीपटाचे गुणदोष चांगले जाणतो. वर्गात बसलेला प्रत्येक मुलगा शिकतोच असे नाही. तरीही पटावर ज्याच्यापुढे गैरहजर लिहिले गेले, त्याच्याकडे सारे संशयाने पाहतात.

म्हणूनच आपल्याकडे मनातून काहीही न मानणारा परंतु नियमाने नारळ फोडणारा उमेदवार सुखाने निवडून येतो, आणि खोटा नारळ फोडावयास नकार देणारा प्रामाणिक मुलगा पडतो. हजेरीच्या या रीतीत ढोंग्यास सवलत मिळते आणि सत्य बोलणाऱ्यास दंड होतो. देवाची चाड असणाऱ्या आम्हां माणसांस तरी ही गोष्ट सलावयास हवी.

थोरामोठ्यांचीही या हजेरीतून सुटका झालेली नाही. पंडित नेहरूंनी १९५४ साली केलेल्या मृत्युपत्रात आपल्यामागे कोणताही धार्मिक विधी करू नये, असे निक्षून लिहिले होते. २७ मे १९६४ रोजी ते निवर्तले आणि दुसऱ्या दिवशी त्यांच्यावर हिंदू पद्धतीने विधिपूर्वक अंत्यसंस्कार झाले. याच्या उलट उदाहरण स्वातंत्र्यवीर सावरकरांचे. १९३७ पासून सहा वर्षे हिंदुमहासभेचे अध्यक्षपद भूषविणाऱ्या या बुद्धिवादी पुरुषाने आपल्यामागे श्राद्धादी विधी नकोत आणि दहन विद्युद्दाहिनीत व्हावे, अशी इच्छा नोंदविली होती, आणि १९६६ मध्ये तसेच झाले. या दोघांच्या राजकारणात जमीन-अस्मानाचे अंतर होते. तरी मृत्यूनंतरच्या विधींविषयी दोघांचेही मत एकच होते, हे आपल्यांतील किती जणांस ठाऊक असते?

आपल्या घटनाकारांनी मात्र हा प्रश्न मोठ्या जाणतेपणाने हाताळला. घटनेच्या तिसऱ्या अनुसूचीत मंत्री, आमदार, खासदार यांच्यासाठी शपथेचे दोन पर्याय आहेत. ज्यास वाटेल त्याने ‘ईश्वरसाक्ष शपथ’ घ्यावी, ज्यास वाटेल त्याने ‘गांभीर्यपूर्वक दृढकथन’ करावे. दोहोंचे वजन सारखेच. १७ ऑक्टोबर १९४९ रोजी घटना समितीत उद्देशिकेवर चर्चा चालू असता मध्य प्रांत व वऱ्हाडातून आलेले सदस्य हरि विष्णु कामत यांनी सूचना मांडली की उद्देशिकेचा आरंभ ईश्वराच्या नावाने व्हावा. पंडित हृदयनाथ कुंझरू प्रभृतींनी तीस विरोध केला. ज्या विषयाचा संबंध अंतःकरणातील श्रद्धेशी आहे, तेथे एकाची भावना दुसऱ्यावर लादली जाऊ नये, असा त्यांच्या म्हणण्याचा आशय होता. मतदान झाले. सूचनेच्या बाजूने ४१ आणि विरोधात ६८ मते पडली. हे अडुसष्ट जण सारेच नास्तिक होते असे मुळीच नव्हे. ज्यांच्या घरी नित्य पूजा होत असेल, अशाही माणसांनी न मानणाऱ्यांसाठी जागा मोकळी ठेविली.

या प्रश्नाची दुसरी बाजूही महाराष्ट्राने पाहिली आहे. डिसेंबर १९८७ मध्ये मुंबईतील विलेपार्ले मतदारसंघात पोटनिवडणूक झाली आणि डॉ. रमेश प्रभू निवडून आले. प्रचारात धर्माच्या नावाने मते मागितली गेली, या कारणास्तव १९८९ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने ती निवडणूक रद्द केली, आणि ११ डिसेंबर १९९५ रोजी सर्वोच्च न्यायालयाने तो निर्णय कायम केला. त्या प्रचारातील भाषणांबद्दल बाळासाहेब ठाकरे यांचाही मतदानाचा हक्क सहा वर्षांसाठी गेला. लोकप्रतिनिधित्व कायद्याच्या कलम १२३ मध्ये धर्माच्या आधारे मत मागणे हा भ्रष्टाचार मानला आहे. येथे धर्म कोणाचा, केवळ उमेदवाराचा की मतदाराचाही, हा वाद पुढे सात न्यायमूर्तींपुढे गेला, आणि २ जानेवारी २०१७ रोजी चार विरुद्ध तीन अशा बहुमताने मतदाराच्या धर्माच्या नावाने केलेले आवाहनही निषिद्ध ठरले.

परंतु कायद्याचा हात व्यासपीठापर्यंत पोहोचतो, पारापर्यंत पोहोचत नाही. भाषण ध्वनिमुद्रित होते, त्यास साक्षीदार असतात. हरिपाठानंतर दबल्या आवाजात उच्चारलेल्या “हा देव मानीत नाही” या वाक्याला ना लेखी पुरावा, ना तारीख. तेथे केवळ पारावर बसलेल्या माणसांची विवेकबुद्धी कामास येते, आणि आमच्या गावी त्या दिवशी ती शिक्षकाच्या रूपाने हजर असूनही गप्प बसली.

मग देव न मानणाऱ्या उमेदवारास आपल्या देशात वाव नाहीच काय? तसे म्हणवत नाही. तमिळनाडूत उघड नास्तिक असलेले करुणानिधी १९५७ पासून २०१६ पर्यंत विधानसभेच्या १३ निवडणुका लढले आणि तेराही जिंकले. पाच वेळा मुख्यमंत्री झाले. बंगालमध्ये ज्योती बसू १९७७ पासून २००० पर्यंत मुख्यमंत्री होते. या दोघांच्या पाठीशी मोठ्या चळवळी होत्या, हे खरे. आपल्या महाराष्ट्रात मार्क्सवादी विचारसरणीच्या शेतकरी कामगार पक्षाच्या गणपतराव देशमुखांना सांगोल्याच्या मतदारांनी अकरा वेळा विधानसभेत पाठविले. सांगोला तालुका पंढरपूरला लागून आहे. दुष्काळात पाण्यासाठी कोण झटतो, याचा हिशेब तेथील वारकऱ्यांनी पक्षाच्या तत्त्वज्ञानापेक्षा वरचा मानला असावा. उलटपक्षी, हैदराबाद मुक्तिसंग्रामाचे नेते स्वामी रामानंद तीर्थ हे भगव्या वस्त्रांतील संन्यासी. १९५२ मध्ये गुलबर्ग्यातून आणि १९५७ मध्ये औरंगाबादेतून ते लोकसभेवर गेले. परंतु त्यांचे राजकारण कोणा एका धर्माचे नव्हते. तेव्हा उमेदवार मानणारा की न मानणारा, हा खरा प्रश्न नव्हे. त्याच्या शब्दावर विश्वास ठेवावा की नाही, हा खरा प्रश्न आहे.

आणि येथेच एक अडचण आहे. जो ईश्वराची शपथ घेत नाही, त्याच्या शब्दाला साक्ष कोणाची? त्याने स्वतःच सांगून भागत नाही. कारण शंका त्याच्या सांगण्याविषयीच असते. त्याच्यासाठी मानणाऱ्यानेच उभे राहावे लागते. चार्ल्स ब्रॅडलॉ यांचे चरित्र वाचताना ही गोष्ट आमच्या मनावर ठसली. हे इंग्लंडमधील प्रसिद्ध नास्तिक १८८० साली नॉर्थहॅम्प्टन या जोडे तयार करणाऱ्या कारागिरांच्या गावातून पार्लमेंटवर निवडून आले. ईश्वराच्या शपथेऐवजी त्यांनी दृढकथन करू देण्याची मागणी केली, तेव्हा त्यांस सभागृहात बसू दिले नाही. जागा रिकामी व्हावी, पोटनिवडणूक व्हावी आणि नॉर्थहॅम्प्टनने त्यांनाच पुन्हा पाठवावे, असे अनेकदा घडले. १८८३ मध्ये दृढकथनास मुभा देणारे विधेयक आले, तेव्हा त्याच्या बाजूने अत्यंत कळकळीचे भाषण केले ते पंतप्रधान ग्लॅडस्टन यांनी. ग्लॅडस्टन स्वतः निस्सीम धर्मनिष्ठ होते आणि ब्रॅडलॉ यांची मते त्यांस मुळीच पसंत नव्हती. विधेयक २९२ विरुद्ध २८९, म्हणजे तीन मतांनी पडले. अखेर १८८६ मध्ये ब्रॅडलॉ सभागृहात बसले आणि १८८८ मध्ये तशी मुभा देणारा कायदाही झाला. हिंदुस्थानची बाजू ते पार्लमेंटात इतक्या हिरिरीने मांडीत की १८८९ च्या मुंबई काँग्रेसमध्ये त्यांचे मोठे स्वागत झाले. १८९१ मध्ये ते वारले, तेव्हा लंडनमध्ये शिकत असलेले तरुण गांधी त्यांच्या अंत्ययात्रेस गेले होते.

पुढे गांधीजींनी स्वतःच एका नास्तिकास आपलेसे केले. आंध्रातील गोपराजू रामचंद्र राव, ज्यांस सारे ‘गोरा’ म्हणून ओळखतात, त्यांनी १९४० साली नास्तिक केंद्र स्थापन केले. ते पुढे विजयवाड्यास नेले. १९४४ पासून त्यांचे सेवाग्रामला येणेजाणे सुरू झाले. वर्ध्याहून विजयवाड्यास जाणारा लोहमार्ग सिरपूर-कागजनगर, मंचिर्याल अशा स्थानकांवरून, म्हणजे २०१६ मध्ये चार तुकडे होण्यापूर्वीच्या आमच्या जुन्या आदिलाबाद जिल्ह्यातूनच जातो. त्या गाडीने हा देव न मानणारा गृहस्थ रामनाम घेणाऱ्या महात्म्यास भेटावयास जात असे. गोरांनी आपल्या कन्येचा विवाह अस्पृश्य मानल्या गेलेल्या समाजातील तरुणाशी ठरविला, तेव्हा तो सेवाग्रामात व्हावा असे गांधीजींनी मान्य केले, आणि विधीत ईश्वराच्या नावाऐवजी सत्याचे नाव घ्यावयास त्यांनी संमती दिली. गांधीजींच्या हत्येनंतर मार्च १९४८ मध्ये तो विवाह सेवाग्रामातच झाला. दोघांपैकी कोणीही आपले मत सोडले नव्हते.

हे सारे आम्ही वाचले ते निकालानंतर. निकाल लागून महिना झाला असेल. तो विद्यार्थी एका रविवारी घरी आला. आमच्या पत्नीने चहा दिला. इकडचे तिकडचे बोलून झाल्यावर आम्हीच संकोचाने पारावरील प्रसंग त्यास सांगितला. त्यास तो ठाऊक होता. गावात कोणती गोष्ट लपते? तो म्हणाला, “गुरुजी, तुम्ही माझी बाजू घ्यावी असं मला वाटलंच नव्हतं. पण एक आठवतं. रोज सकाळी तुम्ही आम्हांला मैदानात उभं करून प्रतिज्ञा म्हणायला लावायचात. तिच्यात देवाचं नाव कुठंच नाही. तरी ती खोटी म्हणायची नाही, असं तुम्हीच शिकवलं होतं.”

आम्ही चकित झालो. हजारो वेळा म्हणवून घेतलेल्या त्या प्रतिज्ञेत ईश्वराचा उल्लेख नाही, हे आमच्या कधी ध्यानातच आले नव्हते. ती प्रतिज्ञा पैडिमर्री वेंकट सुब्बाराव यांनी १९६२ साली विशाखापट्टणम येथे कोषागार अधिकारी असताना तेलुगूत लिहिली. ते मूळचे आपल्या तेलंगणातील नलगोंडा जिल्ह्याचे. महाराष्ट्रातील आणि महाराष्ट्राबाहेरील प्रत्येक मराठी शाळेत मुले जी प्रतिज्ञा मराठीत म्हणतात, ती अशी तेलुगूतून आलेली आहे. एक माणूस दुसऱ्या माणसांस वचन देतो, एवढेच तिचे स्वरूप. देवावर श्रद्धा असणाऱ्या मुलास ती म्हणताना काही उणे वाटत नाही, आणि नसणाऱ्यास काही अधिक म्हणावे लागत नाही. एका मैदानात, एका रांगेत दोघे उभे असतात. गावाच्या पारावर मात्र दोघांस एका रांगेत उभे करण्याची वेळ आली, तेव्हा आमचे धैर्य पुरले नाही.

डिसेंबर २०२५ मध्ये तेलंगणात पुन्हा ग्रामपंचायतींच्या निवडणुका झाल्या. त्या गावातील सरपंचपद या वेळी स्त्रियांसाठी राखीव होते, त्यामुळे आमचा विद्यार्थी उभा राहण्याचा प्रश्नच नव्हता. तो अजूनही अर्ज भरून देतो, काट्याशी उभा राहतो आणि सप्ताहाच्या पंगतीत पाणी वाढतो. देवळात मात्र जात नाही. निवडणुका आटोपल्यावर सप्ताह झाला. काल्याच्या कीर्तनानंतर दोन शब्द बोलण्याचा मान रीतीप्रमाणे आम्हांस मिळाला. आता कोणाच्या मताचा प्रश्न नव्हता, कोणताही नियम आड येत नव्हता. आम्ही म्हणालो, “जवळजवळ सात वर्षांपूर्वी या पारावर आम्हांस एक प्रश्न विचारला होता. त्याचे उत्तर द्यावयाचे राहून गेले. तो मुलगा देव मानीत नाही, हे खरे आहे. तो खोटे बोलत नाही, हेही खरे आहे. आम्ही त्यास दहा वर्षांचा असल्यापासून ओळखतो. विठ्ठलापुढे उभे राहून ही साक्ष देत आहो.”

मंडपात क्षणभर कोणी काही बोलले नाही. मुलगा मागच्या बाजूस घागर घेऊन उभा होता. तो खाली पाहू लागला. मग गोपाळकाला वाटला गेला, मंडळी उठली. ज्यांनी प्रश्न विचारला होता ते वृद्ध गृहस्थ आता थकले आहेत; नातवाच्या खांद्यावर हात ठेवून ते आमच्यापाशी आले. आमचा हात त्यांनी हातात घेतला आणि म्हणाले, “गुरुजी, बरं केलं. पण हे तेव्हा सांगायला पाहिजे होतं.”

यावर आम्ही काय बोलणार? आम्ही त्यांस नमस्कार केला.